आधी मोडलेलं कमिट कर

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर लगेच फोन येईल आणि "हे काय नवीन काढलंस?" म्हणून बोलणी बसतील. त्या रात्रीला तीन आठवडे झाले. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा पत्राचा माफीनामा झाला. म्हणून ते आधीच उरकून टाकतो: झोन मीच उडवला होता.

टेस्टचा डीएनएस झोन, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदींचा गठ्ठा, काढायचा होता. दोन टॅब शेजारी शेजारी उघडे, नावात एका शब्दाचा फरक. कन्सोलने "नक्की ना?" विचारलं, मी नक्की म्हटलं, आणि टेस्टच्या जागी खरा झोन गेला. पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही, कारण जुनी उत्तरं ठिकठिकाणच्या कॅशमध्ये अजून जिवंत होती. मग त्या उत्तरांचे टीटीएल, म्हणजे मुदती, संपत गेले तसं एकेक मालवत गेलं. आधी साइट, मग अ‍ॅपचं लॉगिन, मग मेल.

डेटाबेसचा बॅकअप होता हो. तो रोज होतो, त्याची हिरवी खूण दर सोमवारी मीटिंगमध्ये दाखवली जाते. तिजोरी शाबूत होती, घराचा पत्ता तेवढा पुसला गेला होता.

तुम्हाला फोन करण्याआधी मी कुणाकुणाचे पाय धरले तेही सांगतो, राग अजून गेलेला नाही. आमच्या सल्लागार साहेबांनी बऱ्यापैकी पैसे घेऊन "कॉन्फिगरेशन डॉक्युमेंटेशन" नावाचं एक फोल्डर दिलं होतं. त्यात निघाले स्क्रीनशॉट. झोनच्या स्क्रीनशॉटमध्ये स्क्रोलबार अर्ध्यावर होता, म्हणजे खालच्या नोंदी फोटोत आल्याच नव्हत्या! सपोर्टवाल्यांनी सांगितलं की काढलेला झोन परत आणता येत नाही आणि कॉन्फिगरेशन सांभाळणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. खोटं नाही ते. पण तीन तासांत तीन वेगळ्या माणसांनी तेच वाक्य जसंच्या तसं चिकटवलं, त्याला काय म्हणायचं? आणि आमच्या कॉलवर अकरा जण होते. त्यातल्या नऊ जणांचा प्रश्न एकच, "कोणी केलं?"

तुम्ही नोकरी सोडून दोन वर्षं झालेली. पावणेबाराला फोन केला. कोणी केलं, हे तुम्ही विचारलंच नाहीत. विचारलंत, "रिपो उघडलीस का?"

"कुठली रिपो?"

त्यावर तुम्ही जे गप्प बसलात ना, ते कॉलवरच्या अकरा जणांपेक्षा जास्त लागलं. तुमच्या हँडओव्हरच्या मेलमध्ये सातव्या ओळीत त्या रिपोचं, म्हणजे फाइलींचे सगळे बदल जपून ठेवणाऱ्या साठ्याचं, नाव होतं. मी सहाव्या ओळीपर्यंत वाचलं असणार.

उघडली, तर कोपऱ्यातल्या एका छोट्या मशीनवर तुमचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, दोन वर्षं रोज रात्री दोन वाजता इमानाने चालत होता. डीएनएस, फायरवॉलचे नियम, लोड बॅलन्सर, कुणाला कशाची परवानगी, सगळं जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींत, काढून गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या त्या रिपोत, ढकलत होता. बदल नसेल त्या रात्री कमिट, म्हणजे जपून ठेवलेली नवी प्रत, नाही. आदल्या रात्रीपर्यंतचं सगळं तिथे होतं.

मी अधाशासारखा रीस्टोअर करायला निघालो, तर तुम्ही थांबवलंत. "आधी आत्ता जे मोडलेलं आहे तेही एक्सपोर्ट कर आणि कमिट कर. आपण अजून काही बिघडवलं तर निदान इथपर्यंत तरी परत येता येईल." आपण म्हणालात तुम्ही. त्या रात्री तोवर कुणी आपण म्हटलं नव्हतं.

कमिटचा मेसेज टाइप करता करता मी मोठ्याने वाचत होतो: "माझ्या चुकीने डिलीट झालेला झोन".

"पुस ते," तुम्ही म्हणालात. "लिही, रात्री बाराची स्थिती. ऑथरमध्ये तुझं नाव आहेच, तेवढं पुरे."

एवढंच. बाकी सगळं विसरेन कदाचित, हे नाही विसरणार. हात थरथरत होते ते तिथे थांबले. मग डिफ, म्हणजे दोन कमिटमधला फरक, काढला: सगळा लाल, ४३ नोंदी गेलेल्या. एकेक वाचत गेलो, तुम्ही पलीकडून "हं" म्हणत गेलात. मेलच्या डीकेआयएमची, म्हणजे मेल खरंच आपल्याकडून गेली हे पटवणाऱ्या सहीची, ती लांबलचक की आठवली का तुम्हाला? टीएक्सटी नोंदीत एका तुकड्यात २५५ अक्षरांपलीकडे मावत नाही म्हणून दोन तुकडे केलेली? ती कुठल्या माणसाच्या डोक्यात राहिली असती, आणि कुठल्या स्क्रीनशॉटवरून उतरवता आली असती!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नवा झोन, म्हणून त्याची उत्तरं देणारे नवे नेमसर्व्हर, म्हणून रजिस्ट्रारकडे, म्हणजे साइटचं नाव जिथे नोंदलंय तिथे, बदल. डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरवर त्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन दिवस, त्यामुळे काहींना साइट दिसायला तिसरा दिवस उजाडला. "आता थांबायचं, बाकी काही करायचं नाही," हेही तुम्हीच सांगितलंत. नाहीतर मी घाबरून आणखी चार गोष्टी हलवल्या असत्या.

नंतर निवांतपणे ती रिपो पहिल्या कमिटपासून वाचली. सुरुवातीचे अकरा कमिट नुसता गोंधळ: काही बदललेलं नाही, पण जेसनमधला क्रम रोज वेगळा, म्हणून रोज खोटा डिफ. बाराव्यात तुम्ही सगळ्या कीज, म्हणजे जेसनमधल्या माहितीची नावं, सॉर्ट केल्यात आणि तिथून रिपो शांत झाली. पासवर्ड एकही नाही, फक्त त्यांची नावं, कारण गिटमधून फाइल काढली तरी इतिहासातून जात नाही. स्क्रिप्टला परवानगी फक्त वाचण्याची. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनी २००५ मध्ये गिट बनवलं ते लिनक्स कर्नलच्या कोडसाठी. तुम्ही त्याची आमच्यासाठी रोजनिशी केलीत, कुणी सांगितलेलं नसताना, आणि कधी कुठल्या मीटिंगमध्ये त्याचा उल्लेखही केला नाहीत. नोकरी सोडणारा माणूस शेवटच्या महिन्यात काय करतो, ते मी पुष्कळ पाहिलंय. मीही तेच केलंय. पुढे जो कोणी येईल, जो आपली मेल नीट वाचणारही नाही, त्याच्यासाठी कोण एवढं करून ठेवतं?

आता महिन्यातून एकदा रिपोवरून टेस्टचा झोन नव्याने उभा करून बघतो. पहिल्याच खेपेला दोन नोंदी चुकल्या.

फोन ठेवताना तुम्ही म्हणाला होतात, "माझा अ‍ॅक्सेस अजून आहे का बघ, असेल तर काढून टाक." होता, दोन वर्षं तसाच. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी काढला. रात्री दोनच्या कमिटमध्ये एकच लाल ओळ आली, वजाचं चिन्ह आणि पुढे तुमचं नाव. स्क्रिप्ट तुमचीच होती, तिने नोंद घेतली आणि पुढे गेली. मला तो डिफ बंद करायला जरा वेळ लागला.

तुमचा,
सातवी ओळ न वाचलेला