कंट्रोलच्या रांगेतले महायुद्ध

महोदय,
दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की आपण स्टालिनग्राड-नॉर्मंडीतच रमतो. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कुणालाही न विचारता भारताला युद्धात ओढले. नागपुरातले रविशंकर शुक्ल यांचे मध्य प्रांताचे काँग्रेस मंत्रिमंडळही त्यावरूनच पायउतार झाले. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी जवळच, पवनारला, युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. आणि तिकडे इटलीत यशवंत घाडगे, नामदेव जाधव या मराठी जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले! घाडगे १९४४ मध्ये तिथेच लढताना धारातीर्थी पडले. माझी आजी मात्र युद्ध म्हटले की कंट्रोलचे (रेशनचे) धान्य आणि रॉकेलची रांग, एवढेच सांगायची. महाल-इतवारीतल्या नव्वदी ओलांडलेल्यांच्या अशा आठवणी कुणीतरी टिपून घ्याव्यात. आजीच्या मी घेतल्या नाहीत.

— एक वाचक, महाल, नागपूर