एका दिवसात सोलापूर? किल्लाही धड बघून होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला 'एका दिवसात सोलापूर दर्शन' हा बेत वाचून बाहेरगावचा कोणी पाहुणा खरोखरच निघाला, तर त्याचे हाल ठरलेले आहेत. सकाळी सिद्धेश्वर, मग किल्ला, पुढे अक्कलकोट, नळदुर्ग, तुळजापूर आणि रात्री पंढरपूर! अक्कलकोट आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटर, नळदुर्ग हैदराबाद रस्त्यावर ५०, तुळजापूर ईशान्येला ४५ आणि पंढरपूर नेमके उलट दिशेला, ७० च्या वर. मुक्कामी परत येईपर्यंत तीनशेच्या आसपास किलोमीटर होतात. सहा-सात तास गाडीत आणि वर तीन देवस्थानांच्या रांगा. वेळ अपुरा पडला की कात्री लागते ती किल्ल्याला, कारण देवाला कोणी वगळत नाही. मग अर्ध्या तासात दोन फोटो आणि 'काही विशेष नाही' असा शेरा मारून मंडळी निघतात.

शहराला एक अख्खा दिवस द्यावा आणि बाकीची ठिकाणे दिशेप्रमाणे वाटावीत, एवढेच सांगायचे आहे. आता तपशील.

भुईकोट किल्ला सकाळी, दार उघडताच गाठावा. काळा दगड दहा-अकरानंतर तापू लागतो, आणि सावली म्हणाल तर बागेतल्या झाडांखालीच. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या पुढे जातो; तेव्हा दुपारी तटावर चढणे म्हणजे चक्कर येण्याला आमंत्रण. बहुतेकांची चूक अशी, की आत शिरताच पावले बागेकडे वळतात. आधी दरवाजे बघा. ते एका रेषेत नाहीत, एकातून दुसऱ्याकडे जाताना वळावे लागते. धावत आलेल्या हत्तीला दाराला धडक देण्याइतकी सरळ वाट मिळू नये, ही त्यातली युक्ती. तट दुहेरी आहे: बाहेरचा जुना, बहमनी काळातला, आतला नंतरचा. मधल्या पट्ट्यात शिरलेला शत्रू दोन्ही भिंतींच्या कचाट्यात सापडतो. तीन बाजूंना खंदक आणि पूर्वेला सिद्धेश्वर तलाव, त्यामुळे त्या बाजूला वेगळा खंदक खणावा लागला नाही. डोंगराचा आधार नसलेल्या किल्ल्याने पाण्याचा आधार कसा घेतला, हे या कोपऱ्यात उभे राहिल्यावरच कळते.

भिंतीतले दगडही निरखून बघण्यासारखे आहेत. जुन्या मंदिरांचे कोरीव दगड तटात जागोजागी बसवलेले आहेत, कुठे मूर्ती, कुठे नक्षी. आत जुन्या मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेषही आहेत. हे सगळे घाईत दिसत नाही. दीड-दोन तास धरावेत. बुरुजाच्या पायऱ्या उंच-सखल आहेत, कठडे सगळीकडे नाहीत, पावसाळ्यात शेवाळ धरते. चपलेऐवजी पकड असलेले बूट घालावेत आणि लहान मुलांचा हात सोडू नये. वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातली असल्याने कॅमेऱ्याची तिपाई आणि ड्रोन परवानगीशिवाय चालत नाहीत. साध्या कॅमेऱ्याला अडचण नाही. फोटोवाल्यांसाठी आणखी एक: तटावरून तलावातले मंदिर टिपायचे तर सकाळी सूर्य समोर असतो आणि मंदिर काळे येते. दिवस कलल्यावर तोच फोटो छान येतो.

या किल्ल्याची गोष्ट सोयरिकीची आहे, पण लग्नातले मानपान इथे तोफांपर्यंत गेले. १५२० च्या दशकात आदिलशाही राजकन्या निजामशाहीत दिली गेली तेव्हा सोलापूर आंदण मिळणार असे ठरले होते. ते मिळाले नाही आणि लढाया पेटल्या. पुढे निजामशाहीतल्या चाँदबीबीचे लग्न अली आदिलशहाशी झाले तेव्हा हाच किल्ला उलट दिशेने, विजापूरकरांकडे, आंदण म्हणून गेला. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने तो घेतला आणि पेशवाईचा इथला शेवटचा अंक संपला. ही माहिती हाताशी असेल तर भिंती बोलू लागतात. पुरवणीत त्यातले अक्षरही नव्हते.

दुपारी ऊन टाळून इंद्रभुवन बाहेरून बघावे. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेली ही महालवजा इमारत महापालिकेची आहे, म्हणून कामाच्या वेळेत आणि परवानगी विचारूनच आत जावे. तिथून स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांकडे जाता येते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. जेवणाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चटणी तिखट असते, दही मागून घ्यावे.

सिद्धेश्वर मंदिर संध्याकाळी. कारण अगदी साधे आहे: पादत्राणे काढून चालायचे असते आणि दुपारची फरशी तळवे भाजते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी लोकांना कामाला लावून तलाव खणवला, त्याच पाण्यात हे देऊळ उभे आहे. त्यांची समाधीही आवारातच. सूर्य किल्ल्याच्या बाजूला कलतो, तेव्हा सकाळी पाहिलेला तट इथून पाण्यापलीकडे सलग दिसतो. सोमवारी गर्दी, श्रावणी सोमवारी तर पाय ठेवायला जागा नसते.

रेल्वेने येणाऱ्यांनी सामान स्थानकावरच्या सामानघरात ठेवावे. मात्र पिशवीला कुलूप नसेल किंवा प्रवासाचे तिकीट दाखवता आले नाही, तर ते घेत नाहीत. या एका कारणाने कितीतरी लोक पाठीवर बोजा घेऊन बुरुज चढतात.

दुसऱ्या दिवशी पूर्व: आधी नळदुर्ग, मग तुळजापूर, आणि परत, साधारण १३० किलोमीटर. नळदुर्गला तीन तास हवेतच. तिथला पाणीमहाल हा बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला आहे, १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळत असताना आतल्या दालनात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. पण हे दृश्य जुलैत बघायला जाणारे हमखास निराश होऊन येतात. या भागातला जोराचा पाऊस सप्टेंबरमध्ये, परतीच्या वाटेवर पडतो, आणि वरचे बोरी धरण भरून वाहू लागल्यावरच नर-मादी सुरू होतात. तेव्हा धरण भरल्याची बातमी वाचूनच निघावे. आपल्याच दैनिकात ती येते! पाणी नसले तरी उपळ्या बुरुज आणि त्यावरच्या दोन लांबलचक तोफा बघण्यासारख्या आहेत. वर वारा फार असतो, टोपी सांभाळा. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळली तर रांग आटोक्यात राहते. अक्कलकोटला तसा गुरुवार टाळावा. तिथल्या राजवाड्यातला शस्त्रसंग्रह वेगळ्या वेळेला उघडतो, आधी चौकशी केलेली बरी.

दक्षिणेला मंद्रूपमार्गे हत्तरसंग कुडल आहे आणि त्याचा पुरवणीत उल्लेखच नाही, हे मला सर्वांत खटकले. भीमा-सीनेच्या संगमावरच्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे: 'वाछि तो विजेया होईवा', म्हणजे वाचेल तो विजयी होईल. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्या शोधामुळे तो उजेडात आला. जवळच ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग आहे. लेख वाचायचा तर विजेरी न्यावी आणि समोरून नव्हे, बाजूने, दगडाला घासून जाईल असा प्रकाश टाकावा. तेव्हाच अक्षरांच्या खाचांत सावली पडते. त्यावर पीठ, खडू किंवा पाणी कोणीही लावू नये, दगड त्याने झिजतो. जेवणाची सोय सोलापूरहूनच न्यावी. भीमेला पूर असताना तिकडे फिरकू नये, पाणी मंदिराच्या आवारात शिरते.

पश्चिमेला पंढरपूरकडे जायचे तर मंगळवेढ्याच्या वाटेवर माचणूर लागते. औरंगजेबाची छावणी १६९५ पासून काही वर्षे या परिसरात होती. घाटाच्या पायऱ्या उतरून तिथल्या नदीकाठच्या सिद्धेश्वराला तासभर पुरतो. पंढरपूरला एकादशी सोडून कधीही जा.

विजापूरचा गोल घुमट १०० किलोमीटरवर आहे. तो स्वतंत्र दिवसाचा विषय. कुजबुजीचा सज्जा शाळांच्या सहली येण्याआधी, सकाळीच बघावा. एकदा शंभर मुले ओरडू लागली की प्रतिध्वनी मोजता येत नाहीत.

राहता राहिली गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम आणि शोभेचे दारूकाम, असा क्रम असतो. किल्ल्याशेजारचे होम मैदान पाळण्यांनी भरते आणि रस्ते वाहनांना बंद होतात. किल्ला निवांत बघायचा असेल तर जानेवारीचा तो आठवडा सोडून या; यात्रा बघायची असेल तर खोली डिसेंबरातच ठरवा आणि गाडी शहराबाहेर लावून चालत या.

आपला,
एक वाचक,
उत्तर कसबा, सोलापूर