झिजलेलं बटण दाखवणाऱ्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

तुमच्या रिटायरमेंटच्या दिवशी शेडमध्ये हार, शाल, नारळ, फोटो सगळं झालं. मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि मी "अण्णांचं मोलाचं मार्गदर्शन लाभलं" असलं काहीतरी पुटपुटून खाली बसले. घरी जाताना सात रस्ता चौकापर्यंत स्वतःचाच राग येत होता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. एवढं लांबलचक तुम्ही फोनवर वाचणार नाही, ठाऊक आहे. नातीला वाचायला सांगा, कुठे अडलं तर ती तेलुगूत सांगेल.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी एका मोठ्या कंपनीच्या सोलापुरातल्या टॉवेल युनिटमध्ये इंजिनिअर. अण्णा तिथले जॉबर, म्हणजे माग बिघडला की ज्यांच्या नावाने हाक जाते ते. हेड ऑफिसने नव्या कल्पनांसाठी पैसे बाजूला काढले होते आणि त्यात माझी कल्पना निवडली गेली. प्रत्येक मागावर सहा बटणांची एक पेटी. माग थांबला की विणकराने कारण दाबायचं: ताणा (उभा धागा) तुटला, बाणा (आडवा धागा) तुटला, बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) संपला, मेकॅनिकल, लाईट गेली, विणकर जागेवर नाही. माग नेमके कशाने थांबतात ते महिन्याभरात कळेल, असा हिशोब.

आधी 12 मागांवर करून पाहिलं. झकास झालं. होणारच होतं, कारण त्या 12 मागांवर सगळ्यांत हुशार विणकर मीच निवडून बसवले होते आणि दिवसभर मी स्वतः तिथे उभी असायची. मग पेट्या 96 मागांवर लागल्या. आकडे आले: बहुतेक वेळा बाणाच तुटतो. मी रंगीत तक्ते केले, मीटिंगमध्ये टाळ्या घेतल्या. त्या तक्त्यांच्या भरवशावर सूत देणारा व्यापारी बदलला, बाण्याचं सूत पुरवणारे नवे फीडर आले. माग पूर्वीइतकेच थांबत राहिले. सातव्या महिन्यात प्रकल्प गुंडाळायचा हुकूम आला.

शेवटचा अहवाल मी एका दुपारी लिहून काढला. पेट्या हलक्या निघाल्या, कामगारांचं प्रशिक्षण कमी पडलं, वगैरे. मोठ्या कंपनीत असा अहवाल लिहायला फार अक्कल लागत नाही. जो खोलीत हजर नाही त्याच्यावर ढकलायचं, झालं.

त्याच संध्याकाळी तुम्ही स्क्रू काढून आणलेली एक पेटी माझ्या टेबलावर ठेवलीत. "मॅडम, बघा. कुठलं बटण झिजलंय?"

दुसऱ्या बटणावरचा रंग पार उडाला होता. बाकीची पाच कालच दुकानातून आणल्यासारखी.

मग तुम्ही समजावलंत. 'मेकॅनिकल' दाबलं की जॉबरला जाब विचारणार. 'जागेवर नाही' दाबलं की विणकराच्या पगाराला कात्री. 'ताणा' दाबलं की सायझिंगवाल्यांशी, म्हणजे ताण्याला खळ लावणाऱ्यांशी, भांडण. बाणा तुटला म्हटलं की दोष सुताचा, आणि सूत काही भांडायला येत नाही. मी कागदावर जे मोजत होते ते मागांचं थांबणं नव्हतंच, ती माणसांची भीती होती. आणि त्यानंतर तुम्ही जे बोललात त्यासाठी खरं तर हे पत्र आहे: "पोरांना बाणा दाबा म्हणून मीच सांगितलं, अम्मा. माझं नाव सारखं मेकॅनिकलमध्ये यायलतं."

रिटायरमेंट तोंडावर आलेली. गप्प राहिला असतात तर कुणाला कळलंही नसतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तेच तुम्ही सगळ्या विणकरांसमोर, मॅनेजर साहेबांच्या देखत, परत सांगितलंत. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग कडक भाकरी मोडत बसलेला एक जण म्हणाला, मी पण. त्या अर्ध्या तासात मला जेवढं कळलं तेवढं सात महिन्यांच्या तक्त्यांत नव्हतं.

आमच्या ट्रेनिंगमध्ये अपयशाचे किस्से हमखास सांगतात. थ्रीएम कंपनीत 1968 साली स्पेन्सर सिल्व्हरच्या हातून धड न चिकटणारा गोंद तयार झाला आणि त्यातून पोस्ट-इटच्या चिठ्ठ्या आल्या, हा तर ठरलेलाच. पण 1977 मध्ये त्या चिठ्ठ्या चार शहरांत विकायला ठेवल्या तेव्हा फारशा खपल्याच नव्हत्या, हे त्या स्लाइडवर नसतं. नुसत्या बघून लोकांना त्यांचा उपयोगच कळेना. पुढच्या वर्षी बॉइसी शहरात फुकट वाटल्या, लोकांनी वापरल्या, तेव्हा मागणी आली. अमेरिकाभर विक्री सुरू व्हायला 1980 उजाडलं. वापरणाऱ्याच्या हातात काय होतं ते जाऊन पाहिलं म्हणून ती वस्तू वाचली. मी तर पेट्या लावून केबिनमध्ये परतले होते.

फोटोची फिल्म विकणाऱ्या कोडॅकचंही तसंच. पहिला डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये त्यांच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने बनवला होता. एक फोटो टेपवर उतरायला 23 सेकंद लागायची. कंपनीने 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे घरातल्या कुणाला तरी ठाऊक होतंच. टाटा समूहात फसलेल्या पण धाडसी प्रयत्नांसाठी 'डेअर टू ट्राय' नावाचा पुरस्कार आहे. कल्पना मला आवडते. फक्त, स्टेजवर जाऊन "आमचं फसलं" म्हणणं साहेबाला परवडतं. बटण दाबणाऱ्याला परवडेल अशी सोय कुणीतरी करावी लागते, आणि आमच्या शेडमध्ये ती तुम्ही स्वतःचं नाव पुढे करून केलीत.

अहवाल मी फाडला आणि नवा लिहिला, माझ्या चुकीपासून सुरुवात करून. वरून बोलणी बसली. तरी आठ मागांवर परत करून बघायची परवानगी मिळाली. या वेळी माग तुम्ही निवडलेत, आणि मुद्दाम सगळ्यांत खोडकर. "दिवा सांगतो की, माणसाला कशाला विचारता?" हेही तुमचंच. ताणा तुटला की मागावर एक दिवा लागतो, बाणा तुटला की दुसरा. आपण तिथूनच वायर घेतली. उरलेल्या कारणांना विणकराचं नाव जोडायचं नाही आणि सहा महिने त्यावरून कुणाचा पगार कापायचा नाही, हे मॅनेजर साहेबांकडून लिहून घेतलं.

सापडलं ते अगदीच साधं. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या दाराजवळच्या मागांवर ताणा जास्त तुटत होता. माल चढवायला दार उघडं राहायचं, सोलापूरची कोरडी झळ आत यायची, शेडमधली दमट हवा जायची आणि सूत ठिसूळ व्हायचं. दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावला. त्या पडद्यावर कुणी स्लाइड केली नाही. तुटणं थांबलं नाही, पण त्या रांगेतला विणकर आता दुपारी पाणी प्यायला जाऊ शकतो.

ती झिजलेली पेटी माझ्या टेबलावरच आहे. मागच्या आठवड्यात नवीन आलेल्या मुलीने विचारलं, ही भंगारात का नाही टाकली? तिला तुमच्या घरी घेऊन येणार आहे. तुमच्या तोंडून ऐकू दे. रविवारी असाल ना? शेंगाचटणी मी आणते, चहा तुमच्याकडे.

तुमची,
मॅडम नको, अम्माच म्हणा