आधी बोचकी, मग महापौर

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला 'भगिनी शहरां'वरचा लेख वाचला. लगेच लिहायला बसलो होतो. पण डोकं तापलेलं असताना पत्र लिहू नये असं घरातून बजावण्यात आलं, म्हणून एक दिवस थांबलो. डोकं अजून तापलेलंच आहे.

लेखकमहाशयांच्या मते अमेरिकन आणि जर्मन शहरांच्या मैत्रीचा उगम अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ साली व्हाइट हाऊसमध्ये भरवलेल्या परिषदेत झाला. परिषद भरली, मान्य. पण मिनेसोटातलं वर्दिंग्टन आणि जर्मनीतलं क्राइल्सहाइम यांची जोडी १९४७ ची, अमेरिकन-जर्मन जोड्यांतली पहिली. म्हणजे बारशाचे पेढे वाटले तेव्हा मूल नऊ वर्षांचं होतं!

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९८८ साली पॅकिंग मशिनच्या ट्रेनिंगसाठी आठ महिने मी क्राइल्सहाइमला होतो. ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या बाई १९४५ च्या एप्रिलमध्ये सात वर्षांच्या होत्या. अमेरिकन रणगाडे ६ तारखेला गावात शिरले, पाचसहा दिवसांत मागे हटले आणि वीस-एकवीसला पुन्हा आले, तोवर जुनं गाव जवळजवळ संपलं होतं. बाईंचं घरही त्यातच गेलं. दोन वर्षांनी त्याच अमेरिकेतून, मक्याच्या शेतांमधल्या एका गावातून, कपड्यांची, बुटांची, खाण्याच्या जिनसांची खोकी यायला लागली. तिथल्या कॅशेल घरातल्या मायलेकींनी मनावर घेतलं होतं आणि गाव त्यांच्यामागे उभं राहिलं. (हे वर्दिंग्टन आज टर्की पक्ष्यांच्या जत्रेसाठी ओळखलं जातं. भर रस्त्यात टर्कीची शर्यत लावतात. कसलं राजनैतिक केंद्र घेऊन बसलात!)

बाईंच्या वाट्याला एक कोट आला. दोन हिवाळे त्यांनी घातला, मग तो उसवून धाकट्या भावाची विजार झाली. उरलं फक्त आतलं लेबल. ते त्यांच्या शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली होतं. मला काढून दाखवलं. बोटभर लांब, कडा विटलेल्या, वर 'मिनेसोटा' एवढंच वाचता येत होतं. त्या म्हणाल्या, शाळेत नकाशा बघेपर्यंत मी मिनेसोटा हे दुकानाचं नाव समजत होते.

आपल्या लेखासोबतचा फोटो मात्र सुटाबुटातल्या दोन गृहस्थांच्या हस्तांदोलनाचा! करार, शिष्टमंडळ, सामंजस्य हे शब्द मी मोजले, चौदा वेळा आले आहेत. कोट एकदाही नाही. पुढं शाळकरी पोरं वर्षवर्षभर एकमेकांच्या गावात राहून शिकायला लागली, त्याचाही पत्ता नाही.

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, ही ओळ लेखात आहे, आभार. श्टुटगार्ट क्राइल्सहाइमच्याच राज्यात. म्हणूनच परत आल्यावर मी उत्साहानं एका कार्यालयात अर्ज दिला, की आपल्याकडच्या एका मराठी शाळेची तिकडच्या एखाद्या शाळेशी पत्रमैत्री जुळवून द्या. खर्च टपालाच्या तिकिटांचा, तोही मी करीन म्हटलं. उत्तर आलं, 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे.' १९८९ सालची गोष्ट. संबंधित विभाग अर्जाचा अभ्यास करत असावा. तेव्हा भगिनी शहरांमुळे 'जनसामान्यांतील संवाद वाढीस लागतो' हे लेखातलं वाक्य मी दोनदा वाचलं आणि चहा ठेवायला उठलो.

जाता जाता आणखी एक. क्राइल्सहाइमचं नाव मी वर तीनदा स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे, ते तसंच छापावं. मागच्या महिन्यात पाणीकपातीवरचं माझं पत्र छापलंत तेव्हा माझ्या आडनावातला 'र' गाळलात. सोसायटीत अजून लोक त्याच नावानं हाक मारतात. त्यापेक्षा या वेळी नाव नकोच.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली