माग मांडून देणाऱ्या अण्णांना

ती. अण्णांना सा. नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं, तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगितलं असतंत आणि विषय तिथंच संपला असता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. आता ऐकून घ्यावंच लागेल.

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी पुढची खोली रिकामी होती. तिथं हातमाग बसवायचा, विणायचं, जमलं तर थोडं रंगवायचंही, एवढंच डोक्यात होतं. सामानाची भली मोठी यादी घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही यादी वाचलीच नाहीत. "आधी खोली दाखवा," म्हणालात. विट्याच्या यंत्रमागांवर जॉबर म्हणून, म्हणजे माग लावण्या-दुरुस्त करण्यात, उभं आयुष्य गेलेला माणूस आमच्या खोलीत किती तरी वेळ नुसता उभा होता. ऊन कुठून येतं, फरशीचा उतार कुणीकडे, दार उघडलं की कुठं अडतं, सगळं बघत. भिंतीलगत जागा आखून ठेवली होती, तीही तुम्हाला पटली नाही. "आवं ताई, माग काय कपाट हाय व्हय, भिंतीला चिकटवायला? मागनं वळून जायला वाट नको?" वही (धागे वर-खाली करणारी चौकट) भरायला बसले, एकेक धागा वहीतनं आणि फणीतनं (धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या दातेरी पट्टीतनं) ओवायला लागले, तेव्हा ती वाट कशासाठी होती ते कळलं.

मग सांगाडा. सुतळी घेऊन एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत माप घेतलंत, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांचं. दोन्ही मापं तंतोतंत जुळेपर्यंत लाकूड ठोकत, सरकवत राहिलात. मला वाटत होतं, बोटभर फरकानं काय बिघडतंय? तुम्ही म्हणालात, सांगाडा तिरका राहिला की ताणा, म्हणजे उभे धागे, एका अंगाला ढिला पडतो आणि कापड तिरकं उतरतं. मग विणणाऱ्यानं कितीही नीट ठोका दिला तरी उपयोग नाही. पायांखाली जुन्या टायरचे तुकडेही तुम्हीच आणलेत. त्यामुळे माग सरकत नाही आणि ठोक्याचा आवाज शेजारी जात नाही. शेजाऱ्यांच्या वतीनंही आभार.

पण सगळ्यात जास्त आठवतं ते नटबोल्टचं. सुतार खिळे मारून, सरस लावून पक्कं करायला निघाला होता. तुम्ही त्याला थांबवलंत. "कृष्णामाई आली तर?" एवढंच बोललात. २००५, २०१९, २०२१ ही सालं आमच्या गल्लीत कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. आता पाना घेतला की माग सुटा होतो आणि लाकडं माळ्यावर जातात. सूत तर तुम्ही पहिल्यापासून माळ्यावरच ठेवायला लावलंत. हातमागाच्या कुठल्या पुस्तकात पुराचं असं प्रकरण असेल, मला तरी वाटत नाही.

खरेदीतही तुम्ही माझे पैसे वाचवलेत. दुकानदार फण्यांचा अख्खा संच गळ्यात मारत होता. तुम्ही म्हणालात, चाळीसची एक घ्या, बास. फणीचा नंबर म्हणजे दोन इंचांतली घरं, दातांमधल्या फटी. घरात एक धागा ओवला तर इंचाला वीस, दोन ओवले तर चाळीस. २/२० च्या, म्हणजे वीस नंबरच्या दुपदरी सुताला एकेक, बारीक सुताला दोन-दोन. अजून दुसरी फणी लागलेली नाही. पावसाळ्यात तिला गंज चढू नये म्हणून तेलाचा हात देऊन ठेवायचं आणि वापरण्याआधी कोरडी पुसून घ्यायची, हेही तुमचंच.

एप्रिलात धागे पटापट तुटायला लागले. तुम्ही सूत बघितलंत आणि खिडकीला ओलं गोणपाट टांगायला सांगितलंत. सुती धाग्याला ओलसर हवेत जास्त ताकद येते. कारखान्यातसुद्धा हवेत मुद्दाम ओल धरतात म्हणे. गोणपाट टांगल्यावर तुटणं बरंच कमी झालं. खोलीही गार झाली, ते वेगळंच.

काकूंचेही आभार मानायचे आहेत. आटपाडीच्या डाळिंबांच्या साली त्यांनी वाळवून दिल्या. तुरटीबरोबर सुतावर छान पिवळा उतरला आणि थोडं लोखंडाचं पाणी पडताच मेंदीसारखा झाला. हळदीच्या गावात राहून मी हळदीनं रंगवत नाही याचं लोकांना नवल वाटतं, पण तो रंग उन्हात टिकत नाही. रंगाची पातेली स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नकोस, ही काकूंची ताकीदही पाळते आहे.

पैशाचं विचारलं की तुम्ही "बघू की" म्हणता. ते "बघू" मी आता धरून बसणार आहे. पहिल्या ताण्यातला पंचा तुमचा, त्याला नाही म्हणायचं नाही. आणि एक काम अजून आहे. नवा ताणा तयार आहे, रविवारी बीमवर, म्हणजे तो गुंडाळायच्या रुळावर, चढवायचा आहे. समोरून ताणा सारख्या ओढीनं धरायला दुसरा माणूस लागतो आणि घरातल्यांच्या हाताला अजून ती ओढ समजलेली नाही. सकाळी ऊन चढायच्या आत याल का? काकूंना घेऊन या. नाश्त्याला आंबोळ्या करते.

तुमची,
गावभागातली मागवाली