आधी आडवे निजवा

मा. संपादक,
स. न.

उन्हाळा लागला की डोंगरावर मोहोळ उठल्याच्या बातम्या येतात आणि ‘अमुक जण जखमी’ म्हणून संपतात. त्यातल्या ज्याला विषाची ॲलर्जी असते त्याच्याबद्दल लिहिते. मी निवृत्त परिचारिका आहे.

गेल्या द्राक्षहंगामात आमच्या दिंडोरीकडच्या पुतण्याला बागेत गांधीलमाशी चावली. पाच-सात मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्याला दवाखान्यात नेले. तिथे ॲव्हिल (ॲलर्जीची खाज शमवणारे औषध) आणि स्टेरॉइडची सुई देऊन बाकावर बसवून ठेवले. मी पोहोचले तेव्हा हात गरम होता, पण मनगटाला नाडी लागत नव्हती. रक्तदाब उचलणाऱ्या ॲड्रेनलिनची कुपी होती, कपाटात. भांडून ती मांडीत द्यायला लावली. पोरगा वाचला.

रक्त कुठे सांडले नव्हते, मग नाडी गेली कुठे? अशा वेळी रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि रक्तातले पाणी बाहेर झिरपते. दहा मिनिटांत 35 टक्क्यांपर्यंत! ठिबकची नळी जागोजागी फुटली की मोटर चालू असूनही शेवटच्या वेलीला पाणी पोहोचत नाही, तसेच हे.

याचा दोष आपण हिस्टामीनवर, म्हणजे ॲलर्जीत पेशींतून सुटणाऱ्या आणि ॲव्हिल ज्याला अडवते त्या रसायनावर, टाकून मोकळे होत असू. पण पेशी आपल्या पडद्याचे बारीक बुडबुडेही रक्तात सोडतात. लहानातले 30 ते 150 नॅनोमीटरचे, आत प्रथिने आणि आरएनए. स्पेनमधील संशोधकांनी 2021 मध्ये दाखवले, की ॲलर्जीच्या झटक्यात घेतलेल्या रक्तातले हे बुडबुडे प्रयोगशाळेत अस्तरपेशींवर सोडले की अस्तर जास्त पाझरते. म्हणजे गळती एकाच रसायनाची करणी नाही. नुसत्या ॲव्हिलवर विसंबणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. ॲव्हिलने खाज थांबते, रक्तदाब उचलत नाही. तो ॲड्रेनलिनने उचलतो, आणि सलाईन लागते.

अशा रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप लागली असेल तर टेकून बसू द्यावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. चालवू नये, उभे तर मुळीच करू नये. उठवल्याबरोबर हृदय थांबल्याच्या नोंदी आहेत.

मोहोळाच्या पुढच्या बातमीखाली एवढ्या चार ओळी चौकटीत छापाल का?

– एक वाचक, पंचवटी, नाशिक