फोटोतला कालवा, आणि आमची कुकडी

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरला 'कुकडीचं आवर्तन सुटलं' म्हणून बातमी होती, म्हणजे कालव्याला पाळीचं पाणी सोडलं. कुकडी ही खरं तर आमच्या जुन्नरकडची (जि. पुणे) नदी. फोटो होता कालव्याचा, सिमेंटचं अस्तर, सरळसोट भिंती, आणि खाली छापलंय 'कुकडी नदी'. आमचा नातू सहावीला आहे, त्यानं तो बघून विचारलं, आबा, मग आपल्या खालच्या रानाशेजारनं वाहते ती कुठली? काय सांगणार पोराला!

तसं बघायला गेलं तर चूक एकट्या तुमची नाही. कुकडी म्हटलं की आता लोकांना आवर्तन, चारी (शेतापर्यंत पाणी नेणारा छोटा पाट), टेलला म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचलं का नाही आणि पुढाऱ्यांची भांडणं एवढंच आठवतं. प्रकल्पाला नाव कुकडीचं, पण त्यातल्या पाच धरणांपैकी कुकडी नदीवर दोनच, माणिकडोह आणि येडगाव. वडज मीना नदीवर, डिंभे घोड नदीवर. येडगावातून डावा कालवा निघतो तो पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट करमाळ्यापर्यंत जातो, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातला माणूस रोज 'कुकडी' म्हणतो पण नदी त्यानं बघितलेलीच नसते. त्याला पाणी मिळावं, आमचं काही म्हणणं नाही.

खरी नदी निघते चावंड किल्ल्याजवळ पूर गावात. तिथं कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. जवळच नाणेघाट, सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल याच घाटानं वर जुन्नरला यायचा. घाटाच्या तोंडाशी तो मोठा दगडी रांजण अजून आहे, जकातीचा म्हणतात. पुढं नदी जुन्नरवरून, ओझरच्या विघ्नहराच्या पायाशी येते, म्हणजे तिथं आता येडगावचा फुगवटाच आहे, भाविक हातपाय धुतात ते धरणाचं पाणी.

आणि बोरी! हे मात्र नीट छापा. बोरी गावाला कुकडीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. आपला सगळा काळा दगडही ज्वालामुखीचाच, पण ही राख त्यातली नाही, ती आली समुद्रापलीकडून, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी ती अभ्यासली, त्याच ठिकाणी आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली. राखेच्या वयावरून शास्त्रज्ञांची अजून जुंपलेली असते, कोणी ७५ हजार वर्षं म्हणतं तर कोणी पार १४ लाखांपर्यंत नेलं होतं. मी चिमूटभर चोळून बघितलीय, पांढुरकी, पिठासारखी वाटते, पण दाताखाली गेली की कचकच करते (हो, खाऊनही बघितली, हसू नका). आमच्याकडं लोक त्या दरडीला शेळ्या चारतात आणि कोणाला पत्ताच नाही. उद्या कोणी रान सपाट करायला जेसीबी लावला तर तासाभरात सगळं साफ होईल.

खाली निघोज गावाजवळची नदीतल्या कातळातली कुंडं तेवढी सगळ्यांना माहितीयेत, सेल्फीमुळं. पण ती झाली कशी ते विचारा. पुराच्या पाण्याला भोवरा पडतो, त्यात गोटे अडकतात, ते गरगर फिरून फिरून खालचा काळा कातळ पोखरतात, आणि हे हजारो वर्षं चालू. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काही खळग्यांच्या तळाला ते गुळगुळीत गोटे दिसतात, हत्यार तिथंच ठेवून कारागीर जेवायला गेल्यासारखे. एका काठाला पारनेर, दुसऱ्याला शिरूर, आणि मळगंगा देवीचं देऊळ दोन्ही काठांना, त्यामुळं आई कोणाची यावरून आमच्यात भांडण नाही. भांडण फक्त बंधाऱ्याच्या ढाप्यांवरून (पाणी अडवायच्या फळ्या), कधी टाकायचे आणि कधी काढायचे. पुढं ती घोडला मिळते आणि घोड भीमेला.

आता एकच विनंती. पाणी सुटेल तेव्हा 'कुकडी कालवा' लिहा, दोन अक्षरं जास्त लागतील तर लागू द्या. आणि तुमच्या फोटोग्राफरला एकदा इकडं पाठवा, उन्हाळ्यात पाठवा, पावसाळ्यात दरड निसरडी असते. बोरीचा थर मी स्वतः दाखवतो, पाण्याची मोटार चालू करायला रोज तिकडं जावंच लागतं.

आपला,
एक जुना वाचक, बेल्हे (ता. जुन्नर)